वाड्यावर पाणी

क्रांती चौकातला सिग्नल लाल होता आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. सिग्नलला फोन बघू नये, हे मी माझ्या दुकानातल्या पोरींना रोज सांगते आणि स्वतः रोज बघते. क्लबच्या ग्रुपवर फोटो आला होता. पाण्याचा टँकर, त्याला झेंडूचा हार, कपाळावर आमच्या सेवा क्लबचा बॅनर, आणि मागं एक भलंमोठं सागवानी दार, पितळी कड्यांचं, दगडी पायऱ्यांचं. दारासमोर आमचे सचिव शिवशंकर अंगठा वर करून उभे. खाली लिहिलेलं, 'वाड्यावर पाणी पोच! टीमचं अभिनंदन!' आणि त्याखाली टाळ्या वाजवणारे पिवळे हात, एकामागून एक. मी ते दार बघितलं. पुन्हा बघितलं. आमच्या वाड्याला दार कुठनं आलं? सिग्नल हिरवा झाला तरी मी तिथंच, तेव्हा मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, चलो ना! सो गये क्या?" मी स्कूटी रेटत कडेला घेतली, उसाच्या रसाच्या गाडीपाशी लावली आणि मोठ्यानं हसले. खरंच हसले. रसवाल्याला वाटलं असणार, उन्हानं डोकं फिरलं बाईचं. मग हसू संपलं.

कारण वाडा म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. मी वाड्यावरच जन्मले. मेंढरांचा कळप, त्याच्यामागं चार-दोन बिऱ्हाडं, घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं. दिवस कलला की कुणाच्या तरी पडीक रानात उतरायचं, मेंढरांभोवती वाघर लावायची, म्हणजे दोरीची जाळी, तीन दगडांची चूल मांडायची, की झाला वाडा. सकाळी उचलला की रान परत रान. आमच्यात 'वाडा उतरला', 'वाडा उठला' असं म्हणतात. दगडविटांचा वाडा काय उठणार, बसल्या जागी पडतो तेवढाच. त्या वर्षीच्या दुष्काळात बिरूचा वाडा पाचोडच्या अलीकडं माळावर अडकला होता. बिरू माझा चुलतभाऊ, आणि त्याची आई सुगंधाबाई माझी मोठाई. माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. विहिरी आटलेल्या, ज्यांच्या बोअरला करंगळीएवढी धार होती ते मेंढरांना जवळ येऊ देईनात, आणि त्यांचं तरी काय चुकलं. त्यात मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या. ओली कोकरं लांब चालत नाहीत, आणि मेंढीला पाणी नसलं की आचळाला दूध नसतं. मोठाईनं बिरूकरवी निरोप दिला होता, आज दिवस मावळायच्या आत पाणी आलं तर बसू, नाय आलं तर वाडा उठवू आन् गोदावरीच्या अंगाला निघू. निघू म्हणजे कोकरं वाटेत टाकत जाऊ. तसं ती म्हणाली नाही, आमच्यात ते बोलून दाखवत नाहीत. मी बिरूला म्हटलं, पाणी येणार, शब्द देते. आणि मी शब्द दिला की दिला, हे अख्ख्या वाड्याला माहीत आहे.

आता आमचा क्लब. महिन्याच्या पहिल्या रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये सभा, टेबलावर पितळी घंटा, छातीवर बिल्ला, आणि प्रत्येक गोष्टीला 'उपक्रम' म्हणायचं. रक्तदान उपक्रम, चष्मेवाटप उपक्रम, वृक्षारोपण उपक्रम, तो तर दरवर्षी त्याच खड्ड्यांत. पण मी क्लबला नावं ठेवणार नाही. त्या उन्हाळ्यात शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि तरी ही माणसं आपापली दुकानं सोडून वस्त्यांमध्ये पाण्याच्या टाक्या बसवत हिंडत होती, उन्हात, घामाघूम, हौसेनं. मलाही हौस आहे. मी काम चांगलं करते आणि मला ते माहीत आहे. चांगलं काम करणाऱ्यानं उगाच मान खाली घालून हिंडू नये, या मताची मी आहे. क्लबात शिरले त्या दिवशी माझी ओळख मीच करून दिली होती. "मी ज्ञानेश्वरी. वाड्यावर वाढले, बारा गावचं पाणी प्यालेली आहे, आता क्रांती चौकाजवळ ब्लाऊज शिवते." लोक हसले, टाळ्या पडल्या. मग काही महिन्यांनी दिपालीनं, आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरनं, चहा पिता पिता विचारलं, "तुमच्या वाड्याला चौक किती हो?" क्षणभर मला उमजेना. मग असं काही उमजलं की चहा नाकात जायचा राहिला. मी म्हटलं, "मोजले नाहीत कधी." "छत उंच असेल ना? जुन्या वाड्यांचं असतं." "बघाल तर मान दुखंल." घरी येऊन भारतला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं, तर दोघं पोट धरधरून हसलो. त्यानंतर क्लबात मला पुढच्या रांगेत खुर्ची. 'मॅडमच्या बोलण्यातच घराणं दिसतं.' माझं 'लई' आणि 'व्हय' आधी गावंढळ होतं, ते एका रात्रीत घरंदाज झालं. मी खोटं बोलले नाही, एक अक्षर नाही. त्यांनी ऐकलं ते त्यांचं त्यांनी ऐकलं. मला फक्त मजा वाटत होती, आणि फुकटची मजा कोण सोडतं?

परवाच्या सभेतसुद्धा तेच. मी उठून म्हटलं, "पाचोडच्या अलीकडं एक वाडा पाण्यावाचून अडकलाय, एक टँकर तिथं जायला पाहिजे." सगळ्यांनी पटापट हात वर केले. मला वाटलं होतं, कुणी विचारेल, कसला वाडा, माणसं किती, जनावरं किती. कुणी विचारलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. आता रसाच्या गाडीपाशी उभी राहून कळत होतं की ते हात कुठल्या दारासाठी वर झाले होते. मी शिवशंकरला फोन लावला. शिवशंकर भला माणूस, जालना रोडला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, कुणाच्याही अडीनडीला पहिला धावणारा. फोनवर आधी ताटवाट्यांचा आवाज आला, मग तो. "मॅडम! काय वाडा आहे हो तुमचा, एकदम कडक! तुमचे काका पण भेटले, बद्रीनाथराव."

"माझे काका?"

"वाड्यावरचे ना तुम्ही! नाव सांगितलं तुमचं, तर म्हणाले, असंल कुणीतरी भावकीतली."

"शिवशंकर, तो वाडा नाही हो. मेंढरांचा वाडा. माळावर असतो. बिरूचा नंबर दिला होता ना तुम्हाला?"

"दिला होता की. पण चितेगावला टँकर भरला, पाचोडच्या अलीकडं गावात शिरलो, विचारलं वाडा कुठं आहे, तर शेंबडं पोरगंसुद्धा हात दाखवायला लागलं. वाडा सापडल्यावर नंबर कशाला लावू मी?"

हे बरोबर होतं. त्याच्या जागी मीही लावला नसता. मी विचारलं, पाणी किती उरलंय. अर्धं हौदात गेलं होतं, आणि अर्ध्यासाठी पाइप जोडायला माणूस गेला होता. ते मोसंबीच्या बागेला सोडायचं होतं. "वीस वर्षांची झाडं आहेत मॅडम, पार वाळून चाललीत, बघवत नाही," शिवशंकर हळू आवाजात म्हणाला. मी म्हटलं, पाइप जोडू देऊ नका, टँकर माळावर घ्या. तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "पंगतीत बसलोय हो मी! पुरणाची पोळी वाढलीय, वर तुपाची धार. खाल्ल्या ताटावरून उठून दिलेलं पाणी परत कोणत्या तोंडानं मागू? अध्यक्षांचा फोन आला तर सांगता येईल, बाबा, वरून हुकूम आहे." मी म्हटलं, "मग सावकाश जेवा. पोळीवर पोळी मागा. ते पाइपवालं माणूससुद्धा पंगतीला बसवा. मी अध्यक्षांना गाठते."

अध्यक्ष चौकापासून हाकेच्या अंतरावर होते, त्याच हॉटेलात. त्या दिवशी क्लबचा वार्षिक सोहळा होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मी निघालेच होते तिकडं, पैठणी नेसून, गजरा माळून. आत शिरले तर एसीची थंडी, गुलाबपाण्याचा वास, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची सीलबंद बाटली, आणि भिंतभर पडद्यावर तो फोटो. मोबाइलवर दार बोटभर होतं, इथं ते छतापर्यंत गेलं होतं. आणि मला, देवाशपथ सांगते, त्या हॉलमध्ये लोकरीचा वास आला. ओल्या लोकरीचा नाही, तापलेल्या, धूळ बसलेल्या लोकरीचा, उन्हाळ्यात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात तेव्हा येतो तसा. दुपारच्या वेळी मोठाई मला त्या मेंढरांच्या सावलीत निजवायची, कारण माळावर दुसरी सावलीच नसायची, आणि वरून घोंगडीचा कोपरा धरून बसायची. तिला ऊन लागत नसेल असं मला तेव्हा वाटायचं. पाणी कमी असेल त्या दिवशीची तिची रीत मला पाठ होती. आधी व्यालेल्या मेंढ्या, मग घोडी, मग कुत्री, मग लेकरं, मग बाकीचे, आणि ती सगळ्यांच्या शेवटी, भांडं पुसून घ्यावं तसं. आत्ता, या घडीला, ती माळावर तशीच घोंगडीचा कोपरा धरून बसली असणार, एखाद्या कोकरावर, आणि बिरू रस्त्याकडं बघत असणार.

ऋतुराज व्यासपीठापाशी हार मोजून ठेवत होता. अध्यक्ष म्हणजे कुणी पिकल्या केसांचे नव्हेत. चाळिशीच्या आतला बिल्डर, हुशार, हसरा, बीड बायपासच्या पलीकडं, शहराला लागूनच्या सातारा परिसरात त्याच्या तीन-चार स्कीम. माझा फ्लॅट त्याच्याच 'हिरवळ पार्क'मध्ये आहे. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, पाहुणे निघालेत. आज राहू द्या ना. उद्या दुसरा टँकर काढू, त्या लोकांसाठी." मी म्हटलं, उद्या चालणार नाही, आज दिवस मावळायच्या आत. तो म्हणाला, "बद्रीनाथराव आपले सभासद होणार आहेत, तिकडं मोठी शाखा निघेल. दिलेलं पाणी उपसून न्यायचं? कसं दिसतं ते? आणि खरं सांगू का, मेंढरांसाठी टँकर... इथं माणसं तहानलीत." मी म्हटलं, "मेंढरांमागं माणसंच असतात." तेव्हा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, आणि अगदी मायेनंच विचारलं, "कोण आहेत हे लोक? तुमच्या ओळखीचे?"

ओळखीचे. शब्द त्यानंच तयार करून माझ्या हातात दिला. हो म्हटलं की झालं. ओळखीच्या माणसांसाठी भांडणारी मोठ्या घरची बाई, काय वाईट दिसते? उलट मान वाढेल. मी हो म्हणणारच होते, आणि मला माझाच राग आला. पाचोडच्या वसतिगृहात बापानं, कडुबानं, मला ठेवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात एका पोरीनं नाक दाबून म्हटलं, हिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो. मी तिच्या झिंज्या धरून तिला अंगणभर ओढली होती. बाजाराच्या दिवशी मोठाई भेटायला आली, तिच्यापर्यंत तक्रार गेली, तर ती बाईंना म्हणाली, "वास येतो तर येऊ द्या की. जित्या माणसाला येतोच." आणि मला जवळ घेऊन सगळ्यांसमोर माझं डोकं हुंगलं. त्या नऊ वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं असतं, कोण गं ही तुझी, ओळखीची का, तर तिनं विचारणाऱ्याला चावून खाल्लं असतं. मग आज काय झालं? पैठणी आडवी आली? मजा मजा म्हणत मी एका सागवानी दाराआड कधी जाऊन बसले, माझं मलाच कळलं नव्हतं. मला लाज नव्हती कधी. पण दार आपोआप लागलं होतं, आणि ते मी उघडल्याशिवाय त्यामागं अडलेलं अर्धा टँकर पाणी हलणार नव्हतं.

मी ऋतुराजला तिथंच सोडलं. सरळ माईकपाशी गेले. सूत्रसंचालन माझंच होतं, मला कोण अडवणार? हॉल भरत आला होता, दिपाली पुढच्या रांगेतून हात हलवत होती. मी म्हटलं, "नमस्कार. पाहुणे यायच्या आधी एक दुरुस्ती. मागच्या पडद्यावर जो दिसतोय तो वाडा चुकीचा आहे. बरोबर वाड्याला दार नाही, भिंत नाही, पायरी नाही. मेंढरांच्या कळपाला आणि त्याच्यामागं हिंडणाऱ्या माणसांना आमच्यात वाडा म्हणतात. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मी वाड्यावर वाढले. तो हाच. बारा गावचं पाणी मी खरोखर प्याले, ज्या गावानं दिलं त्या गावचं. माझी मोठाई आत्ता माळावर बसली आहे, कोकरं घेऊन, आणि तिच्या वाटचं पाणी त्या दारात उभं आहे. शिवशंकरांची चूक नाही. त्यांना वाडा म्हटलं, ते वाड्यावर गेले. पण आता अध्यक्षसाहेब फोन करून टँकर माळावर पाठवतील, आणि मग आपण कार्यक्रम सुरू करू. तोवर मी इथंच उभी आहे." आणि उभी राहिले.

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर नाकाशी नेला, असं मला वाटलं. वारं लागलं असेल थंड, कुणास ठाऊक. मग दिपाली, आमची भोळी दिपाली, जागेवरूनच म्हणाली, "म्हणजे ज्ञानेश्वरी, ते उंच छत...?" "आभाळ," मी म्हटलं. "तुम्हाला म्हटलं होतं ना, मान दुखंल." ती आधी लाल झाली आणि मग अशी खो खो हसली की शेजारचे हसले, त्यांच्या शेजारचे हसले. ऋतुराजनं कपाळाला हात लावला. पण फोन काढला, हे मी त्याच्या खात्यावर जमा धरते. सगळ्यांच्या देखत तो ओरडत होता, "शिवशंकर, पाइप काढा. काढा म्हणतोय ना! माळावर न्या. बिरू म्हणून आहेत, त्यांना विचारा... वाड्यावरच. नाही हो, दुसऱ्या वाड्यावर. मेंढरांच्या! अरे बाबा, मेंढरांच्या!" फोन ठेवून तो माझ्यापाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आधी सांगायचं ना." मी म्हटलं, "आधीच सांगितलं होतं." पाहुणे आले, हार पडले, घंटा वाजली. मी सूत्रसंचालन केलं, आणि चांगलं केलं.

दिवस कलताना मी घरी गॅलरीत बसले होते, फोन मांडीवर ठेवून. 'हिरवळ पार्क' नावालाच हिरवळ. खाली पार्किंग, पेव्हर ब्लॉक आणि तीन सुकलेली शोभेची झाडं. पण समोर साताऱ्याच्या डोंगराची ओळ दिसते, ती काही ऋतुराजला बांधता आली नाही. त्या ओळीवरनंच मी ही जागा ओळखली होती, फ्लॅट बघायला आले तेव्हा. लहानपणी आमचा वाडा इथं उतरायचा. शेतमालक लेंडीखतासाठी मेंढरं रानात बसवून घ्यायचा आणि बदल्यात मोठाईच्या ओटीत बाजरी घालायचा. मी भारतला म्हटलं होतं, हाच घ्यायचा, दुसरा दाखवू नका. लोक म्हणतात माणूस कुठल्या कुठं गेलं. मी कुठंही गेले नव्हते. ऊन भिंतीवरनं उतरत पार्किंगपर्यंत आलं, भारतनं आणलेला चहा निवून गेला, आणि मी डोंगरावरचा सूर्य डोळ्यांनी वर ढकलत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"आक्का, आलं!" बिरू ओरडत होता, कारण मागं मेंढरांचा असा कालवा चालला होता की कानठळ्या बसाव्यात. "आलं गं पानी! टँकरवालं सायबबी हाय, त्याच्या पायात कोकरू घुटमळतंय, फोटो काढून राहिलाय. थांब, आई बोलती." आणि मग मोठाई. तिचा आवाज पाणी प्याल्यासारखा नव्हता. म्हणजे तिची पाळी अजून यायची होती. "ग्यानू," ती म्हणाली, "वाडा उठवत नाय आता. कोकरं लुचाया लागली." डोळे भरून आले ते आलेच, आणि मी पुसले नाहीत. मग म्हटलं, "उशीर झाला गं मोठाई. टँकर आधी दुसऱ्या वाड्यावर गेला चुकून. अर्धं पाणी तिथंच गेलं."

ती म्हणाली, "दुसरा वाडा उतरलाय व्हय इथं? आमाला ठावंच नाय. कुनाचा गं?"

"बद्रीनाथरावांचा."

"आपल्या गोतातला नाय वाटत." मागं बिरू मेंढरांना हाकारत होता. "आसू दे. शेजारी वाडा उतरला आन् आपुन इचारलंबी नाय, लई वंगाळ झालं. दूध उतरलं की सकाळच्याला बिरूच्या हाती तांब्या धाडते त्यान्ला."

ती रीत मला माहीत होती. शेजारी नवा वाडा उतरला की दुधाचा तांब्या जातो, ओळख असो नसो. मला डोळ्यांसमोर बिरू दिसला, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात मेंढीच्या दुधाचा तांब्या, त्या सागवानी दारापुढं, त्या दगडी पायऱ्यांवर उभा. मला तिला थांबवता आलं असतं. एक शब्द समजावून सांगायचा होता, दुपारीच मी तो भरल्या सभेत समजावून आले होते.

"धाड," मी म्हटलं.

"आन् ग्यानू," मोठाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम काळजीचा झाला, "त्यांची कोकरं प्याली का गं?"

समोरचा डोंगर काळा होत चालला होता. तिकडं, पाचोडच्या अलीकडं, त्या हौदातलं पाणी कुणीतरी बादल्या भरभरून वीस वर्षांच्या मोसंबीच्या मुळाशी घालत असणार.

"व्हय मोठाई," मी म्हटलं. "प्याली. आता तू पी."